शेवंतीनं परत मागितलेलं दुःख

एकदा काय झालं... थांबा. आधी ते पाय पांघरुणात घ्या. आणि मधेच कोणी 'मग पुढे काय झालं' म्हणून माझा पदर ओढायचा नाही. पुढचं पुढंच येतं. मला तोंड दिलंय देवानं, मी सांगते.

तर खाडीच्या काठाला एक गाव होतं, शिवणखोल. साठ उंबरे. एका अंगाला खाडी, एका अंगाला डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर देव कातळोबा. मूर्ती नव्हे हो. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता काळा दगड, माणसाएवढा उंच. पण जागृत. गावाचा भारी जीव त्याच्यावर.

एकट्या शेवंतीचा नव्हता. शेवंती म्हणजे माझ्याएवढी म्हातारी नाही, असेल पन्नाशीची. तिची सून बाळंतपणात गेली. आणि तीन वर्षांमागे एकुलता लेक, धाकू, खाडीत बुडाला. मागे उरली नात, आवडी, सात वर्षांची. भिंगरी नुसती. तुमच्यासारखीच, एका जागी बसेल तर शपथ. शेवंतीला उभ्या जगात तेवढं एक माणूस.

धाकू गेला त्या दिवसापासून शेवंतीनं देवाशी अबोला धरला. देवळात जायची, कारण गावाची रीत मोडता येत नाही. पण तोंड उघडायची नाही. त्या दिवसाबद्दल ती माणसांशीसुद्धा कधी बोलली नाही, बरं का. कोणी विषय काढला की उठून जायची.

आता तिथली रीत सांगते, कान इकडे करा. वर्षातून एकदा अख्खं गाव डोंगरावर जमायचं आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं आपलं रडगाणं, पण सगळ्यांच्या वतीनं एकानं सांगायचं. तो मान आबाजी घाडी यांचा. ते एक वाक्य म्हणायचे, बा देवा महाराजा, गुराढोरांना चारा मिळू दे, की सगळं गाव एका आवाजात म्हणायचं, होय महाराजा! पुढचं वाक्य, की होय महाराजा! पोरं पावलं टाकायच्या आधी हे शिकायची. इतकी सवय, की कोणी जरा लांबलचक बोललं की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक होय महाराजा निघायचं. एकदा एकाला विचारलं, माझी कोंबडी तूच खाल्लीस ना रे, तर तो डुलक्या घेत म्हणाला, होय महाराजा. भरला दंड.

गाऱ्हाणं झालं की कौल. ओल्या कातळावर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही.

त्या वर्षी गावावर फार आलं होतं. तापाची साथ आली आणि जवळजवळ घरटी एक माणूस घेऊन गेली. आबाजींची बायकोही त्यातच गेली. आबाजी माणूस सोन्यासारखा, पण वर्षभर ज्याच्या त्याच्या दारात जाऊन रडणं ऐकून ऐकून त्यांचा जीव विटला होता. ते कातळापुढं उभे राहिले आणि पावसाचं नाही, पिकाचं नाही, भलतंच बोलले.

"बा देवा महाराजा, या गावात कोणाला म्हणून कसलं दुःख होऊ नये. सगळ्यांचं दुःख तू घे."

कोणी थांबून विचार केला का? छे! साठ घरांची माणसं सवयीनं म्हणाली, होय महाराजा! शेवंतीच्या मांडीवर बसलेली आवडीसुद्धा म्हणाली, सगळ्यांत वरच्या आवाजात. एकटी शेवंती ओठ मिटून बसली होती.

आणि पाकळ्या लावतात न लावतात तोच उजवी पडली.

मग काय विचारता! डोंगर उतरता उतरताच म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबले. गोविंदा कुंभाराला विंचू चावला, तर तो विंचवाकडं बघून हसला. ज्या बायांची लेकरं तापात गेली होती, त्या अंगणात सडा घालताना गाणी म्हणायला लागल्या. शेवंती आपली दारात बसून बघायची. खोटं कशाला सांगू, तिला हेवा वाटला. तिच्या छातीवरचा धोंडा होता तिथंच होता.

पहिले आठ दिवस असे गेले. मग एक दिवस शेजारच्या कुशीच्या घरातून कसला तरी जळका वास आला. शेवंती धावत गेली. बघते तर कुशी भाकऱ्या थापतेय, आणि तिची दोन बोटं तापल्या तव्यावर. कातडी जळतेय, आणि बाई शांत. शेवंतीनं हात ओढला तेव्हा कुशी म्हणाली, अगोबाई, बघितलंच नाही.

मग तात्या सुताराचं झालं. एकटाच राहायचा बिचारा. दोन दिवस ओट्यावर तसाच बसून होता. त्याला तहान कळली नाही, भूक कळली नाही, म्हणून त्यानं कोणाला हाक मारली नाही. आणि येणाजाणाऱ्यांनी बघितलं, पण कोणाच्या मनाला टोचलं नाही, की हा हलत का नाही. तिसऱ्या दिवशी तो मेलेला होता. लोकांनी नेलं आपल्या सवडीनं. कोणी रडलं नाही. एकटी शेवंती रडली, तर माणसं तिच्याकडं टकमका बघायला लागली.

तेव्हापासून शेवंतीला भीती बसली. ती आवडीला नजरेआड होऊ देईना. रोज सांजेला पोरीचे हातपाय उलटेसुलटे करून बघायची. पण पोर ती पोर. दोन दिवस शेवंती लावणीला शेतात गेली, दमून आली, आणि तेवढे दोन दिवस बघायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आवडीचे पाय धुवायला बसली. डावा पाय हातात घेतला आणि तिला घाण वास आला. तळव्याला कालवाची कापाकापी होती. कालव म्हणजे खाडीच्या खडकाला चिकटलेली शिंपली, धार सुरीसारखी. ती लागली की मोठा माणूस बोंब मारतो. ही पोरगी मात्र तो पाय घेऊन दोन दिवस चिखलात लंगडी खेळत होती. पाऊल सुजून काळंनिळं झालेलं, आणि घोट्यापासून एक तांबडी रेघ वर चढत गुडघ्यापर्यंत आलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि पोर हसतेय, म्हणतेय, आजी, गुदगुल्या होतात.

ती तांबडी रेघ शेवंतीनं पूर्वी बघितली होती. रेघ जांघेत पोचली की माणूस हाती लागत नाही. औषध ठाऊक असलेला वैद्य एकच, तो खाडीच्या पलीकडच्या तीरावर. होडीनं जायचं, तर भरती आहे तोवरच. ओहोटी लागली की नुसता चिखल, मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. सूर्य कलला होता. भरती उतरायला फार वेळ नव्हता.

तिनं आवडीला पाठुंगळी मारलं आणि होडीवाल्या पांडूकडं गेली. पांडू जाळं विणत बसला होता. शेवंतीनं त्याला पाय दाखवला, रेघ दाखवली, हात जोडले. पांडूनं नीट बघितलं, गोड हसला, म्हणाला होईल हो बरी वैनी, आणि पुन्हा जाळं विणायला लागला. वाईट नव्हता तो. पण त्याच्या आत काही हललंच नाही, तर उठणार कसा?

मग ती कुशीकडं गेली. आता कुशी कोण, सांगते. आवडीची आई गेली तेव्हा या कुशीनं आपल्या पोराला एका बाजूला आणि हिला दुसऱ्या बाजूला घेऊन वर्षभर अंगावर पाजलं होतं. शेवंतीला वाटलं, ही तरी उठेल. कुशीनं पाय हातात घेतला. म्हणाली, फार सुजलाय, नाही? आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला लागली. तेव्हा मात्र शेवंती एकटीच खाडीकडं वळली.

तिनं एकटीनं होडी ढकलून बघितली. तसूभरही हलली नाही. पाठीवर आवडी गाणं म्हणत होती, आजीचा अंबाडा सोडून त्याची वेणी घालत होती. रेघ गुडघ्याच्या वर गेली होती.

मग तीन वर्षांत पहिल्यांदा शेवंती आपल्या पायांनी, आपण होऊन, डोंगर चढली. भांडायला, दुसरं कशाला! पोरीला खाली ठेवलं, कातळापुढं उभी राहिली आणि बोलली.

"सून नेलीस. लेक नेलास. आता ही. एवढा मायाळू म्हणवतोस, मग माणसाच्या वाट्याला हे देतोस तरी कशाला?"

कातळाला हात लावला तर तो ओला होता. पाणी कोणी घातलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत निथळत होता, आणि मधोमध एक तडा गेला होता, बोट जाईल एवढा. साठ घरांचं दुःख त्यानं आत घेतलं होतं ना. खरंच घेतलं होतं, हो.

आणि कातळ बोलला. मोठ्यानं नाही. आजारी माणूस बोलतो तसा.

"शेवंते, धाकू बुडाला त्या दिवशी पाण्यात किती माणसं उतरली होती?"

शेवंतीला आठवत होतं. एकोणीस. ओहोटीची ओढ लागली होती, जीवाचा भरवसा नव्हता, तरी एकोणीस माणसं उतरली होती.

"त्यांना कोणी उतरवलं?"

"कोणी उतरवायला कशाला हवं? माझं ओरडणं ऐकून त्यांच्या पोटात कालवलं, म्हणून उतरली."

"ते कालवतं ना, तो मीच. मला हात नाहीत, बाई. माझे हात तेवढेच."

पण शेवंती काय सहज ऐकणारी होती? म्हणाली, तरी माझा लेक गेलाच.

"गेला," देव म्हणाला. "तो का गेला याचं तुला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि खोटं मी सांगणार नाही. पण तू दमली आहेस. तुझं एकटीचंच राहिलंय. हो म्हण, तेही घेतो."

ऐका बरं, काय कठीण वेळ आली ती! तीन वर्षं ती बाई एक घास सुखानं जेवली नव्हती. नुसतं हो म्हणायचं, की सगळं हलकं. तिच्या ओठावर हो आलं होतं. तेवढ्यात आवडी तापानं थडथड उडायला लागली, तरीही हसतच होती. शेवंतीच्या मनात आलं, मी हो म्हटलं, तर हिला इथंच ठेवून मी घरी जाईन आणि अंगण झाडत बसेन.

"नको," ती म्हणाली. "माझं माझ्यापाशी राहू दे. त्यांचं त्यांना परत दे."

देव म्हणाला की त्यांनी एका तोंडानं दिलंय, ते मी जबरदस्तीनं त्यांच्या गळ्यात मारणार नाही. पण जो दुसऱ्याचं दुःख शेवटपर्यंत ऐकून घेईल, त्याचं त्याला आपोआप परत मिळेल. एवढं बोलून कातळ गप्प झाला. तडा मात्र अजून कुरकुरत होता.

शेवंतीनं पोरीला उचललं. खाली खाडीचं पाणी काठ सोडायला लागलं होतं. ती धावत आबाजी घाड्यांच्या ओट्यावर गेली. आबाजी सुखानं काथ्याचा दोर वळत बसले होते. शेवंतीनं पोरीला त्यांच्यापुढं निजवलं आणि आपण समोर बसली. म्हणाली, आबाजी, ऐका. शेवटपर्यंत ऐका. मधे उठू नका.

आणि जे तीन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते ती बोलली. म्हणाली, त्या दिवशी धाकू घरीच होता. अंगात कणकण होती म्हणून जायचं नाही म्हणत होता. मला कालवं खावीशी वाटली. मी त्याला आळशी म्हटलं, काय काय बोलले, आणि घराबाहेर काढला. तो जाताना म्हणाला, आई, तवा तापत ठेव, आत्ता येतो. मी तवा ठेवला.

"मीच पाठवला त्याला, आबाजी. माझ्या जिभेच्या चोचल्यापायी."

आबाजी आधी हसत होते. मग हसायचे थांबले. मग दोर वळणारे हात थांबले. शेवंती बोलत होती आणि डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. ती बोलायची थांबली तेव्हा आबाजींचा चेहरा कसनुसा झाला होता. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते.

"वैनी," ते म्हणाले, "पाण्यात त्याचा हात माझ्या हातात आला होता. सुटला माझ्याकडून. मी कुणाला सांगितलं नाही."

आणि तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. बायको गेल्याचं, धाकूचं, सगळं एकदम अंगावर आलं. पण रडता रडताच त्यांची नजर आवडीच्या पायाकडं गेली. रेघ निम्म्या मांडीपर्यंत चढली होती. ते ताडकन उठले, पोरीला खांद्यावर टाकलं आणि खाडीकडं पळत सुटले.

घाडी रडत पळतोय हे बघून माणसं दारात आली. कुशीनं विचारलं, काय झालं हो? आबाजींनी पळता पळताच सांगायला सुरुवात केली, आणि काय झालं ते ऐकायला कुशीही मागं पळायला लागली. ऐकून पुरं झालं, तशी तिच्या हातातलं सूप गळून पडलं आणि भाजलेली बोटं तिनं तोंडात घातली. मग तिनं पांडूला सांगितलं. पांडूनं जाळं टाकलं. असे होडीपाशी पोचेपर्यंत सातआठ जण झाले.

पण ओहोटी लागली होती! होडी चिखलात बसलेली. पाणी वीस हात लांब गेलेलं. मग सगळी कमरेपर्यंत चिखलात उतरली आणि होडी ढकलायला लागली. चिखलात कालवांच्या धारा. ज्याचा त्याचा पाय फाटत होता, आणि आता ज्याला त्याला दुखत होतं. कण्हत होते, शिव्या देत होते, पण ढकलत होते. एकदा होडी कलंडली. एकदा पांडूच छातीपर्यंत रुतला, त्याला ओढून काढला. आणि मग होडीच्या बुडाला पाणी लागलं.

पलीकडं वैद्य तयारच होता, आरडाओरडा त्याला ऐकू गेला होता. त्यानं पाय बघितला आणि तोंड वाईट केलं. सुरी तापवली, तळवा कापला, घाण काढली, पाला ठेचून बांधला. आवडी हसतच होती. वैद्य म्हणाला, औषध लागू पडलं की नाही ते मला रोग्याच्या कळेवरून समजतं. हिला कळच येत नाही. कापायचं कुठं आणि थांबायचं कुठं?

शेवंतीनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं काय करणार?

तेवढ्यात आवडीचं लक्ष आबाजींच्या पायांकडं गेलं. चिखलानं माखलेले आणि रक्तानं भरलेले.

"आजोबा, तुम्हाला काय झालं?"

आबाजींनी सांगितलं. काही लपवलं नाही. कालव लागलं म्हणाले. कसं लागलं, तर होडी ढकलताना. होडी कशाला ढकलली, तर तुझ्यासाठी. फार दुखतंय का? हो गं बाय, फार दुखतंय. पोरगी डोळे मोठे करून सगळं ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा खालचा ओठ बाहेर आला. हनुवटी थरथरली.

आणि ती ओरडली. "आई गं! आजी, पाय!"

असं कळवळून ओरडली की झाडावरची पाखरं उडाली. आणि ते ओरडणं ऐकून सगळी माणसं हसायला आणि रडायला एकदमच लागली. कुशीनं तिचे मटामटा मुके घेतले. वैद्य म्हणाला, हां, आता सांग कुठं दुखतं. ती सांगत गेली, रडत रडत, आणि तो कापत गेला. सकाळी रेघ गुडघ्याच्या खाली उतरली होती.

पुढं गावातल्या एकेकाला आपापलं दुःख परत मिळालं. तात्या सुतारासाठी गाव तीन दिवस रडलं, उशिरा का होईना. सगळ्यांनी शेवंतीचे आभार मानले असं समजू नका हं. गोविंदा कुंभाराच्या विंचवाची कळ एकदम चढली, तो वर्षभर तिच्याशी बोलला नाही! पण त्याची म्हैस अडली त्या दिवशी शेवंतीच गेली मदतीला.

काय म्हणतेस गं? धाकू का गेला ते देवानं मग सांगितलं का? नाही सांगितलं. शेवंतीनं पुष्कळदा विचारलं. पोरीला घेऊन डोंगर चढायची आणि विचारायची, भांडायची सुद्धा. मलाही ठाऊक नाही, बाळा. मीसुद्धा विचारतेच आहे. पण एवढं खरं, की त्यानंतर शेवंती त्या दिवसाबद्दल बोलायची आणि आबाजी ऐकायचे, आबाजी बोलायचे आणि शेवंती ऐकायची, आणि दोघंही पोटभर जेवायला लागली. आवडी मोठी झाली, लग्न होऊन त्याच गावात राहिली. डाव्या पायानं जरा लंगडायची, इतकंच. आणि सगळी माणसं भांडत, रुसत, एकमेकांच्या दारात येत-जात, आपापल्या घरी सुखानं राहिली.

झालं. संपली. आता डोळे मिटा. कोणाचं पोट दुखलं, कोणाला भीती वाटली, तर मुकाट्यानं पडून राहायचं नाही, मला हाक मारायची. मी इथंच आहे.